विश्लेषण : विमाने कमी उडतात, तेव्हा जमिनीवर घोळ का होतात?

टाळेबंदीनंतर देशांतर्गत विमानसेवा २५ मे २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी मुंबईला फक्त २५ विमाने उडवण्याची आणि २५ उतरवण्याची परवानगी होती. याच विमानतळाने डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा हाताळली होती. म्हणजे जागा भरपूर, घाई नाही, गर्दी नाही. तरीही बारा दिवसांत, ६ जूनला सकाळी, वावधन सुटले आणि स्पाइसजेटची चाकांची शिडी घरंगळत जाऊन शेजारी उभ्या असलेल्या इंडिगोच्या विमानावर आदळली. विमानाचा पंख आणि इंजिनाचे आवरण यांचे नुकसान झाले.

कोणाला इजा झाली नाही, म्हणून बातमी दोन दिवसांत विरली. वास्तविक तिच्यातला प्रश्न मोठा होता. निसर्ग चक्रीवादळ तीनच दिवस आधी अलिबागजवळ धडकून गेले होते; वारा काय करू शकतो, हे सगळ्यांनी नुकतेच पाहिले होते. उतारावर ट्रक थांबला की क्लीनर आधी खाली उतरून चाकाला दगड लावतो. हे त्याला कोणी सांगावे लागत नाही, कारण तो ते रोज करतो.

रोजची सवय मोडली की काय होते?

विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत त्याच्याभोवती दहा-बारा जणांचा राबता असतो. चाकांना अडसर लावणे, बाहेरून वीज जोडणे, सामान उतरवणे-चढवणे, इंधन भरणे, प्रवाशांना सुरक्षित रेषेतून नेणे, शेवटी विमानाभोवती एक पूर्ण फेरी मारून सगळे आवरले आहे ना हे पाहणे. यातले एकही काम अवघड नाही. मात्र प्रत्येक काम ठरलेल्या क्रमाने, न चुकता करावे लागते. ही कामे वाचून नव्हे, हाताने शिकली जातात; आणि हात दोन-तीन महिने थांबले की क्रम विसरतो.

त्या काळात तर हातच बदलले. जमिनीवरची बहुतेक कामे कंत्राटी कंपन्यांकडे असतात. विमाने थांबली तशी जगभर या कामगारांची कपात झाली. जुनी, मुरलेली माणसे दुसऱ्या कामाला लागली. उड्डाणे वाढू लागली तेव्हा त्यांच्या जागी नवी आली. आपल्याकडे हे परतणेही सरळ नव्हते: आधी एक तृतीयांश उड्डाणे, मग डिसेंबर २०२० पर्यंत ८० टक्के, दुसऱ्या लाटेत १ जून २०२१ पासून पुन्हा ५० टक्के, आणि पूर्ण क्षमता १८ ऑक्टोबर २०२१ ला. थांबा, चला, पुन्हा थांबा.

आणि उभे यंत्रही बिघडते. २०२१-२२ च्या संपात एसटीच्या बसगाड्या महिनोन्महिने आगारात उभ्या होत्या. त्या बाहेर काढताना बॅटऱ्या आणि टायर पाहावे लागले, हे राजापेठच्या बसस्थानकावर वाट पाहणाऱ्यांना सांगायला नको. विमानाचे दुखणे याहून नाजूक. विमानाचा वेग मोजण्यासाठी नाकाजवळ बोटाएवढ्या जाडीच्या पिटो नळ्या असतात. खिडकीच्या चौकटीत मातीचे घर करणारी कुंभारीण आपल्याकडे घरोघरी दिसते. तिचीच एक परदेशी बहीण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या विमानतळावर या नळ्यांत घर करते. नळी बुजली की वैमानिकाला वेग चुकीचा दिसतो. दीर्घकाळ उभी राहिलेली विमाने उडताना असे प्रकार वाढल्याचा इशारा युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने २०२० मध्येच दिला होता. उपाय साधा, नळीवर टोपी घालायची. आणि उडण्यापूर्वी ती आठवणीने काढायची!

लंडनचे उदाहरण तर चुटपुट लावणारे आहे. १८ जून २०२१ रोजी हीथ्रो विमानतळावर ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७८७ मालवाहतुकीसाठी भरले जात होते. दुरुस्तीच्या वेळी पुढचे चाक आत जाऊ नये म्हणून एक पिन घालायची असते. जवळजवळ दोन भोके. पिन भलत्याच भोकात गेली. चाक मिटले आणि विमान नाकावर बसले. सहवैमानिकासह दोघे किरकोळ जखमी झाले. विशेष म्हणजे ते चुकीचे भोक बुजवून टाका, असा आदेश आधीच निघाला होता. त्याला मुदत बरीच दिलेली असल्याने या विमानावर ते काम व्हायचे होते.

महाराष्ट्रात काय घडले?

मुंबईतच १० जानेवारी २०२२ रोजी जामनगरला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाला मागे ढकलणाऱ्या ट्रॅक्टरने पेट घेतला. विमानात ८५ प्रवासी होते. आग काही मिनिटांत विझली, विमान वाचले. महिन्याभरात, ९ फेब्रुवारीला, अलायन्स एअरचे एटीआर ७२ जातीचे विमान मुंबईहून भूजला उडाले, ते इंजिनाचे झाकण धावपट्टीवरच टाकून. सुमारे ७० जण घेऊन ते भूजला सुखरूप उतरले. देखभालीनंतर झाकणाच्या कड्या नीट बसवल्या नसाव्यात, असा संशय प्राथमिक चौकशीत पुढे आला. उड्डाणापूर्वीची ती शेवटची फेरी नेमकी अशाच गोष्टी पकडण्यासाठी असते.

जमिनीवरच्या चुकीत जीवही जातो. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत एअर इंडियाचे हैदराबादला जाणारे विमान जमिनीवरचे कर्मचारी बाजूला होण्याआधीच पुढे सरकले. एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला. तेव्हा कसलीही टाळेबंदी नव्हती. तो धडा ताजा असतानाही पुढच्या काळात इशारे दुर्लक्षिले गेले, हे अधिक टोचते.

अमरावतीकरांनी हे का वाचावे?

कारण बेलोऱ्याचा विमानतळ सुरूच कमी उड्डाणांवर झाला. १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबई-अमरावती सेवेचे उद्घाटन झाले, तेव्हा विमान होते आठवड्यातून तीनदा. कंपनी अलायन्स एअर आणि विमान एटीआर ७२. नागपूर गाठण्याची दगदग वाचली, राजापेठेतून अर्ध्या तासात विमानतळ, हा आनंद खराच आहे. पण मुंबईचा कर्मचारी एका पाळीत जेवढी विमाने हाताळतो, तेवढी येथल्या कर्मचाऱ्याला हाताळायला आठवडे लागतात. टाळेबंदीत जे अपवादाने घडले, ते लहान विमानतळावर नेहमीचेच असते.

एटीआरची शिडी दारातच असते, त्यामुळे मुंबईसारखी मोकळी शिडी घरंगळण्याची भीती कमी. मात्र या विमानाला बाहेर उघडे फिरणारे पंखे आहेत, आणि प्रवासी बसने नव्हे, बहुधा पायीच विमानापर्यंत जातात. फोटो काढण्यासाठी रेषा ओलांडणारा एक उत्साही प्रवासी पुरेसा आहे. त्यात वऱ्हाडातले मे महिन्यातले वादळ पत्रे उडवते. सामानाची रिकामी ट्रॉली त्याच्यापुढे काहीच नाही.

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या अंदाजानुसार जमिनीवरील नुकसानीचा जगभरातला वार्षिक खर्च २०३५ पर्यंत जवळपास १० अब्ज डॉलरवर जाऊ शकतो. कंपन्या तो तिकिटातूनच वसूल करणार. त्यामानाने सराव स्वस्त आहे. विमान नसलेल्या दिवशीही पूर्ण क्रमाची रंगीत तालीम घेणे, कर्मचाऱ्यांना पाळीपाळीने मुंबई-नागपूरच्या गर्दीत काही दिवस कामाला पाठवणे, वाऱ्याचा इशारा आला की प्रत्येक चाकाचा अडसर तपासून नोंद करणे, हे महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीला जमणारे आहे. आणखी एक, जे खर्चाचे नाही पण सर्वांत अवघड: ट्रॉली विमानाला नुसती घासली तरी ते सांगणाऱ्या कंत्राटी पोराची नोकरी जाणार नाही, अशी लेखी हमी. ती नसेल तर ओरखडा लपेल, आणि तोच उडेल.

बेलोऱ्यात एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्थाही उभारायला घेतली आहे. शिकाऊ विमाने दिवसभर ये-जा करू लागली की येथला निवांतपणा एकदम संपेल. अकोल्याच्या शिवणीलाही कधीतरी नियमित विमान यावे, ही मागणी जुनी आहे. तिथे धावपट्टीच्या लांबीची चर्चा वर्षानुवर्षे होते. खाली काम करणारी माणसे कुठून येणार, त्यांना कोण शिकवणार, हे अजून कोणी विचारलेले नाही.