न्याहारीच्या आधीचा ब्रेकफास्ट

न्याहारीच्या वेळी घरोघर चित्रे दाखवावीत, ही कल्पना मूळची अमेरिकेची. तेथे १४ जानेवारी १९५२ रोजी 'टुडे' हा कार्यक्रम सुरू झाला. प्रेक्षक काही जमेनात. तेव्हा पुढच्या वर्षी निवेदकाशेजारी एक चिंपांझी आणून बसविला नि काय सांगावे, गिऱ्हाईक वाढले! इंग्रज जात्याच सावकाश. त्यांची बीबीसी १७ जानेवारी १९८३ला जागी झाली. आपल्या दूरदर्शनने सकाळचे प्रक्षेपण सुरू केले ते २३ फेब्रुवारी १९८७ रोजी.

पण हा दिल्लीचा साहेबी ब्रेकफास्ट. नगर जिल्ह्यातली न्याहारी निराळी. संगमनेर-राहात्याकडे पहाटे धारा काढायच्या, दूध डेअरीवर घालायचे, शेणघाण उरकायची, आणि ऊन वर आल्यावर मग भाकरी-कालवण. बायकांनी तर चुलीपाशी बसून दूरदर्शन नुसते ऐकावे; म्हणजे त्याचा रेडिओच झाला की! त्यातून भाषा हिंदी-इंग्रजी.

खरी वेळ साधली ती रामानंद सागरांनी. त्यांचे 'रामायण' महिनाभर आधीच, २५ जानेवारीपासून, दर रविवारी सकाळी साडेनऊला लागू लागले होते. ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर सारी आळी. अमेरिकेला एक माकड पुरले. आमच्याकडे अख्खी वानरसेना!

मात्र राम भेटे तो आठवड्यातून एकदाच. शेतकऱ्यांसाठी मुंबई केंद्राचा 'आमची माती, आमची माणसं' होता, पण तोही संध्याकाळचा. नगरच्या बाजारात कांदा नेणाऱ्याला भाव गाडी जुंपण्याआधी कळायला हवा होता.