असला कसला भागीदार?

'भागीदार' हा मराठीत मानाचा शब्द आहे. लक्ष्मीपूजनाला जी चोपडी पुजतात, तिच्यात भागीदाराचे नाव असते; नफ्यात त्याचा वाटा असतो आणि माल काय भावाने विकावा, याविषयी त्याला चार शब्द बोलता येतात. हल्ली तुमच्या-आमच्या दारी चकल्यांचे पुडे घेऊन धापा टाकीत येणाऱ्या पोरालाही कंपन्या 'डिलिव्हरी पार्टनर' म्हणतात. भागीदारच म्हणायचा! दुचाकी त्याची, तिचा हप्ता त्याचा, पेट्रोल त्याचे आणि रस्त्यावर आपटला तर मोडलेले हाडही त्याचेच. एका फेरीला किती पैसे, किती मिनिटांत पोचायचे, गिऱ्हाइकाने तारे कमी दिले तर पुढे काम द्यायचे की नाही, हे सारे मात्र कंपनी ठरवणार. आमच्या गावाकडे असल्या भागीदाराला सालगडी म्हणत. आणि सालगड्याला दिवाळीला निदान धोतरजोडी तरी मिळे.

आमच्या सोसायटीत नेहमी येणारा एक मुलगा गेल्या पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावर घसरला. उजवे मनगट मोडले. तो मला सांगत होता, "काका, फोन आला तर पहिला प्रश्न, ऑर्डर सांडली का? मी म्हटलं, हात मोडलाय. तर म्हणाले, फोटो पाठवा." फोटो हाताचा की डब्याचा, हे त्या बिचाऱ्याला अजून उमगलेले नाही. विम्याचे विचारले तर उत्तर आले, रुग्णालयात रात्रभर दाखल होतात का? नव्हता; प्लास्टर घालून घरी पाठवले होते. मग विमा नाही. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढून कामावर गेला, तो आयडी बंद! कारण काय, तर बरेच दिवस गैरहजर.

वाचकहो, साहेबाच्या राज्यात, १९२३ साली, कामगार भरपाईचा कायदा झाला. काम करता करता अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची. मालकाची चूक होती की नव्हती, हे कामगाराने सिद्ध करण्याचे कारण नाही. ठेकेदाराकडे बोट दाखवून मूळ मालकाला सुटता येत नसे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ही तरतूद आपल्यात घेतली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. तिच्यात या पोरांचे नाव प्रथमच आले खरे. पण व्याख्येतच ठरवून टाकले की हे नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेरचे. झाले! भरपाईचे प्रकरण नोकरांसाठी, यांच्यासाठी योजना. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीचा एक ते दोन टक्के निधीत घालावा, तोही यांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त नको. भरपाईसाठी दावा लावता येतो. योजनेची मात्र वाट पाहावी लागते.

कंपन्यांचे वकील म्हणतात, तो स्वतंत्र आहे, मनात येईल तेव्हा फोन बंद करतो. उबरने हेच ब्रिटनमध्ये सांगून पाहिले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ते मानले नाही. भाडे तुम्ही ठरवता, अटी तुम्ही घालता, तेव्हा हे चालक तुमचे कामगारच, असा निवाडा दिला.

पण इतके लांब कशाला जायचे? हमालाला तरी एक मालक कुठे होता? सकाळी या पेढीची पोती, दुपारी त्या पेढीची. तेव्हाही व्यापारी हेच म्हणत, हा आमचा माणूस नव्हे. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांनी हमालांना उभे केले, आणि महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. मंडळात नोंद करायची, मजुरीबरोबर लेव्ही मंडळाकडे भरायची. नोंदलेल्या हमालाला १९२३ चा भरपाईचा कायदाही लागू झाला. पाठीवरच्या पोत्याला जे जमले ते पाठीवरच्या पिशवीला का जमू नये? उलट इथे तर प्रत्येक फेरीचा मिनिटामिनिटाचा हिशेब कंपनीच्या यंत्रात आहे. पोर कुठे पडला, हेही त्यात आहे.

खर्च वाढेल म्हणता? वाढू द्या, माझ्या बिलात घाला. पुडे बांधण्याचे पैसे मी देतो, गर्दीच्या वेळेचे देतो. मुसळधार पाऊस असला की 'पावसाचा आकार' म्हणून वेगळे पैसे तुम्ही माझ्याकडून घेताच. मग त्याच पावसात जो पडला त्याच्या प्लास्टरला त्यातले किती गेले, तेवढे बिलाच्या खाली छापा.