नववीचा प्रश्न

दहावीचा निकाल जाहीर झाला की शाळांच्या फाटकांवर ‘शंभर टक्के निकाल’ असे फलक झळकू लागतात, आणि खासगी शाळांतील मुलांना शिकण्याची उमेद असते, सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना ती नसते, असा निष्कर्ष सुशिक्षित मंडळी बिनदिक्कत काढतात. मला तो मान्य नाही. ज्या घरात आईवडील शिकलेले आहेत, अभ्यासाला निराळी खोली आहे आणि संध्याकाळच्या शिकवणीची ददात नाही, त्या घरातील मुलाचे गुण, आणि ज्याचे आईवडील दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात व ज्याला कधी आजीपाशी राहून तर कधी फडावरच्या खोपीत राहून वर्ष काढावे लागते, त्या मुलाचे गुण एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. त्या आकड्यांत शाळेपेक्षा घराचाच वाटा मोठा असतो.

शिवाय आपल्या महाराष्ट्रात सरकारी आणि खासगी ही विभागणी वाटते तितकी सरळ नाही. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीच्या पुढे जात नाहीत. खेड्यापाड्यांतील माध्यमिक शिक्षणाचा भार मुख्यतः खासगी संस्थांच्या अनुदानित शाळा वाहतात, जेथे व्यवस्थापन संस्थेचे आणि शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून, अशी जुनी वहिवाट आहे. तेव्हा मूल कोणाच्या मालकीच्या शाळेत बसते यापेक्षा, ते कोणत्या इयत्तेत एकटे पडते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ती इयत्ता नववी होय.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परंतु त्या हक्काची हद्द आठवीला संपते. दुपारची खिचडी आठवीपर्यंत, सरकारी खर्चाची पुस्तके आठवीपर्यंत, आणि खासगी शाळेतील पंचवीस टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलाची फी सरकारने भरायची तीही आठवीपर्यंतच. नववीच्या जूनमध्ये त्याच वर्गातील त्याच मुलाच्या हाती पूर्ण फीची पावती पडते. आर्थिक दुर्बल घटकांसाठी आठवीत घेतली जाणारी शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झालेल्यांना वर्षाला 12,000 रुपये मिळतात, ही तरतूद स्तुत्य खरी. पण ती गुणानुक्रमाने निवडलेल्या थोड्यांसाठी आहे, आणि उमेदीची खरी निकड असते ती यादीत नाव न आलेल्या मुलाला.

त्या मुलाचे पुढे काय होते, हे शिक्षकांच्या खोलीत सर्वांना ठाऊक असते. बीजगणितात तो मागे पडलेला असतो. सातवीपासूनचे अपूर्णांक कच्चे राहिलेले असतात. गणिताचे पद रिक्त असल्यामुळे इतिहासाचे सर गणित घेतात, आणि तेही मतदारयाद्यांच्या कामावर गेले की तास बुडतो. वर्षअखेरीस पालकाला बोलावून, ‘याला दहावी झेपणार नाही, सतरा नंबरचा फॉर्म भरा,’ असा सल्ला दिला जातो. नोकरी करणाऱ्यांना किंवा शाळा सुटलेल्यांना बाहेरून परीक्षेला बसता यावे म्हणून ठेवलेली ही मुभा शाळेचा निकाल राखण्याकरिता वापरली जाते, आणि ह्या बाबतीत अनुदानित आणि विनाअनुदानित असा भेद मला करता येत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ज्या दिवशी कळते की आपण शाळेला नकोसे आहोत, त्या दिवशी त्याची जिद्द खचते. आणि मग आम्हीच म्हणतो, ह्या मुलांना शिकायचेच नसते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी असे कधी म्हटले नाही. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या, आणि 1940 साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उघडून मुलांना कष्ट करीत शिकण्याची वाट खुली करून देणाऱ्या त्या पुरुषाने मुलात उमेद आहे की नाही याची आधी परीक्षा घेतली नाही; त्याच्या राहण्याजेवणाची व्यवस्था केली, हाताला काम दिले, आणि त्याच्याकडून अपेक्षा ठेवली. उमेद मागाहून आली.

2030 पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंत सर्व मुले शाळेत असावीत, असे उद्दिष्ट 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ठेवले आहे. ते कागदावर राहू द्यायचे नसेल तर मोफत शिक्षणाचा हक्क किमान दहावीपर्यंत नेला पाहिजे, माध्यमिक शाळांतील रिक्त पदे भरली पाहिजेत, आणि प्रत्येक शाळेने दहावीच्या निकालाशेजारी त्याच तुकडीतील किती मुले नववीत दाखल झाली होती तो आकडा प्रसिद्ध केला पाहिजे, असा हुकूम शिक्षण खात्याने काढावा. हुकूम निघेपर्यंत हे काम पालकांनी करावे: यंदा फलक दिसला की मुख्याध्यापकांकडे जाऊन नववीचे हजेरीपत्रक दाखवा म्हणावे, आणि मधल्या काळात गळालेल्या प्रत्येक नावाची चौकशी करावी.