वीतभर मिग, इंचभर माणूस

लढाऊ विमानांच्या धातूच्या प्रतिकृती जमविण्याचा छंद आता आमच्या जेऊरपर्यंत येऊन पोहोचला आहे. जस्ताचा मिश्रधातू वितळवून, पोलादी साच्यात दाबाने भरून वीतभर मिग-२१ तयार होते. प्रमाण बहुधा १:७२. म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा.

या छंदात अनेकांचा शिरस्ता असा, की खोके उघडायचे नाही; उघडले की किंमत उतरते. उमेदीची वर्षे बँकेत गेल्याने हा हिशेब मला समजतो, पण पटत नाही. पुनर्विक्रीपुरतेच जिचे मोल, ती मुदत ठेवीची पावती. तिला विमान कशाला म्हणायचे?

आणि हे विमान तर आपल्या घरचे. १९६३ मध्ये मिग-२१ हवाई दलात आले. १९६४ मध्ये त्याच्या बांधणीसाठी नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. सांगाडा ओझरचा, इंजिन कोरापूटचे. १९७१ च्या युद्धात ते लढले. पुढे अपघातांत कितीतरी तरुण वैमानिक गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याला निरोप देण्यात आला.

खोक्यावर फार तर स्क्वाड्रनचा क्रमांक असतो. ओझरचा फिटर आणि वाट पाहणारे वैमानिकाचे घर त्यावर कोण छापणार? ते घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगायला हवे. म्हणून खोके उघडा, विमान नातवंडांच्या हाती द्या. एखादे चाक मोडेल, मोडू दे. आत इंचभर का होईना, माणूस असतो, एवढे त्यांना उमगले तरी पैसे वसूल झाले.