यंत्र फिरले, पण कंबर कुणाची वाचली?

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली, चहाचे कप हातात आले आणि बोलणे निघाले ते एका यंत्राचे. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका मुलाने बोनसच्या पैशांतून आईसाठी आपोआप केर काढणारे यंत्र आणले आहे. त्याला रोबोट व्हॅक्यूम म्हणतात. जेवणाच्या ताटाएवढे गोल, साडेतीन-चार इंच उंच. बटण दाबले की घरभर फिरते आणि काम झाले की स्वतःच चार्जिंगच्या जागी जाऊन बसते. ज्या आईसाठी ते आले, ती तीस वर्षे दुसऱ्यांच्या घरची लादी पुसत आली आहे. आता मणका झिजला आहे, वाकवत नाही.

पहिल्या दिवशी ते बघायला अर्धी गल्ली जमली. मोठी माणसे दारात, पोरे कॉटवर. यंत्र दोन मिनिटे झोकात फिरले आणि मोबाईलच्या चार्जरची वायर ओढू लागले. ती सोडवली तर चटईच्या दशा गुंडाळल्या. शेवटी कॉटखाली पाण्याच्या कॅनमध्ये अडकून ओरडत बसले. सगळे पोट धरून हसले. पण कॉटखालून त्याने ओढलेली धूळ डब्यातून बाहेर काढली तेव्हा हसणे थांबले. रोज दोनदा झाडू फिरणाऱ्या घरात ती मूठभर धूळ होती. त्याच कॉटवर दम्याची नात झोपते.

पंधरा दिवसांनी आम्ही त्या मावशींना विचारले, "आता कंबर कशी आहे?"

त्या म्हणाल्या, "वाकायचं कमी झालं गं. पण ते फिरायच्या आधी सगळं उचलून ठेवायला मीच, आणि फिरून झालं की त्याचं पोट साफ करायलाही मीच."

त्यांच्या या एका वाक्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वस्तीतल्या घरात असे यंत्र आले म्हणून कुणी नाक मुरडू नये, आणि आपल्या माणसांनीही संकोचू नये. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात लिहून ठेवले आहे की पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, आपल्याच पावलांची माती पुसत. ज्यांच्या कमरेला झाडू बांधला गेला त्यांच्या लेकराने आईच्या हातातला झाडू खाली ठेवायला यंत्र आणले, तर त्यात चैन कसली? १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली. माणसाला जनावरासारखे राबणे सोडून मनाची वाढ करायची तर फुरसत हवी, आणि ती यंत्रामुळे मिळू शकते, असा त्यांचा मुद्दा होता. यंत्राचा लाभ सगळ्यांना मिळत नसेल तर यंत्राला दोष न देता समाजाची रचना बदला, असेही त्यांनी मांडले. तोच मुद्दा आम्ही आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत आणून ठेवतो. यंत्राने वाचवलेली फुरसत घरात नेमकी कुणाला मिळाली?

आता आरोग्याचे बोलू. झाडूने केर काढताना जाड कचरा सुपलीत जातो, पण बारीक धूळ हवेत उडते आणि बराच वेळ तरंगत राहते. ती आपण श्वासातून घेतो. नवा फूलझाडू तर सुरुवातीचे काही दिवस स्वतःचाच भुसा सोडतो. बंद खोलीत, पंखा चालू असताना, शेजारी लेकरू झोपलेले असताना केर काढला तर खोकला ठरलेला. रोबोट व्हॅक्यूम धूळ ढकलत नाही, ओढून घेतो. कडेचा फिरता ब्रश कोपऱ्यातला केर पोटाखाली लोटतो, मधला गोल ब्रश तो उचलतो आणि पंख्याच्या ओढीने तो डब्यात जातो. फिल्टर चांगला आणि स्वच्छ असेल तर बारीक धूळ आतच अडकते. कॉटखाली, कपाटाखाली, जिथे गुडघे टेकून हात घालावा लागतो तिथे ते सहज शिरते. कंबरदुखी, गुडघेदुखी असलेल्या बाईसाठी हा मोठा आधार आहे.

पण त्याच्या मर्यादाही तेवढ्याच खऱ्या आहेत. उंच उंबरठा ते ओलांडत नाही. फरशी उखडलेली असेल, जमिनीवर अंथरुणे पडलेली असतील, मोरीला कठडा नसेल, तर त्याचा उपयोग थोडा. सांडलेले पाणी, ओला भात, लेकराची शी-शू यांवर साधे यंत्र फिरले तर ते बिघडते आणि घाणही घरभर पसरवते. काही यंत्रे मागे ओले फडके ओढत लादीही पुसतात, पण चिकट डाग त्यांना निघत नाही. ते फडके तसेच ओले ठेवले तर त्याला वास येतो, बुरशी धरते. ते रोज धुऊन उन्हात वाळवावे लागते. ब्रशात बायकांचे केस गुंततात, ते कात्रीने कापून काढावे लागतात. धुता येणारा फिल्टर धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही, त्यासाठी एक अख्खा दिवस धरावा.

दम्याची मुख्य कारणे तर त्याच्या वाटेतच येत नाहीत. धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे गाद्या, उशा, गोधड्यांत राहतात. झुरळांच्या विष्ठेने दमा चाळवतो. भिंतीला ओल आणि बुरशी, उदबत्तीचा, कचरा जाळल्याचा आणि विडीचा धूर यांनी छाती भरते. यातले एकही काम यंत्र करत नाही. म्हणून ज्या घरात दम्याचा पेशंट आहे तिथे आमचा क्रम असा: आधी विडी-सिगारेट घराबाहेर. मग चादरी आणि उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात, गोधड्या कडक उन्हात. रात्री खरकटे झाकून झुरळांचा बंदोबस्त. खिडकी नसेल तर एक एक्झॉस्ट पंखा. डॉक्टरांनी दिलेला पंप न लाजता, न चुकवता. हे सगळे झाल्यावर पैसे उरले तर यंत्राचा विचार करावा. चांगल्या यंत्राला पंधरा-वीस हजार तरी लागतात, भारी यंत्र त्याच्या दुपटी-तिपटीत जाते. बॅटरी, ब्रश, फिल्टर पुढे बदलावे लागतात, तो खर्च वेगळा. हप्त्यावर तर मुळीच घेऊ नये. लेकराची फी चुकवून घेतलेले यंत्र आरोग्याचे नसते.

यंत्र नसलेल्या घरातही धूळ कमी करता येते. केर काढण्याआधी जमिनीवर पाण्याचा हलका शिपका मारा किंवा झाडूला ओलसर फडके गुंडाळा. पंखा बंद, दार उघडे, आणि दम्याचा माणूस तेवढा वेळ बाहेर. तोंडाला ओढणी किंवा पदर बांधा. उकिडवे बसून लादी पुसण्याऐवजी लांब दांड्याचा मॉप घ्या. तो दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि गुडघ्यांची झीज वाचवतो.

दुसरी बाजू आमच्याच कामाची आहे. आमच्यातल्या कितीतरी जणी सोसायट्यांमध्ये झाडू-लादी करतात. तिथे ही यंत्रे आधी पोचली. आमच्यातल्या एकीला मालकिणीने सांगितले, "आता मशीन आलंय, झाडूचे पैसे कमी करू." पैसे कमी झाले. पण यंत्रासाठी खुर्च्या उचलणे, ते अडकले की सोडवणे, त्याचा डबा झटकणे ही कामे तिच्याच अंगावर राहिली आणि त्यांचा हिशेब कुणी धरला नाही. डबा झटकताना सगळी धूळ एकदम तोंडावर येते. म्हणून डबा पिशवीच्या आत धरून हळू रिकामा करा, तोंडाला कापड बांधा, फिल्टर आपटू नका. आणि हे काम असेल तर त्याचे पैसे बोलून घ्या. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. आपली नोंदणी झाली आहे का, हे प्रत्येकीने एकदा पाहावे.

आणखी एक गोष्ट सलते. रोबोट व्हॅक्यूम २००२ च्या सुमारास जगाच्या बाजारात आला. दिवाणखान्यातली धूळ ओढायला यंत्र येऊन वीस वर्षांहून अधिक काळ झाला. गटारात माणूस उतरवू नये असा कायदा देशात २०१३ साली झाला, गटार उपसणारा बॅन्डिकूट नावाचा रोबोट केरळात २०१८ मध्ये कामाला लागला, आणि तरीही आपल्या शहरांत माणसे गटारात उतरतात आणि मरतात. ती माणसे बहुतेक कोणत्या वस्तीतली असतात हे आपल्याला सांगावे लागत नाही. धुळीसाठी यंत्र आणि मैल्यासाठी माणूस, हा क्रम यंत्राने ठरवला नाही. तो जातीने ठरवला. म्हणून घरातल्या यंत्राचे कौतुक करताना गटारातल्या यंत्राची मागणीही विहारातून, मंडळातून, नगरसेवकाच्या दारातून व्हायला हवी.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या घराकडेही पाहू. आपल्या घरात झाडू कुणाच्या हातात आहे? जयंतीला भाषण करणारा दादा घरी आल्यावर पाय वर घेऊन बसतो आणि बायको त्याच्या पायाखालचा केर काढते. मुलगी शाळेतून येऊन लादी पुसते, मुलगा शाळेतून येऊन मोबाईल घेतो. कमरेचा झाडू सुटला म्हणून आपण अभिमानाने सांगतो, मग घरातल्या बाईच्या हाताला तो जन्मभरासाठी का चिकटवला? यंत्र आणले तरी हा प्रश्न सुटत नाही, हे मागच्या गल्लीतल्या मावशींनी एका वाक्यात सांगितले.

आम्ही त्या मुलाशी बोललो. त्याला राग आला नाही, उलट तो थोडा ओशाळला. "आईला आराम मिळावा म्हणूनच आणलं होतं," म्हणाला. आता त्यांच्या घरात ठरले आहे. सकाळी कामाला जाण्याआधी जमिनीवरच्या वस्तू उचलून यंत्र चालू करायचे काम त्याचे. रात्री डबा रिकामा करायचा तो वडिलांनी. रविवारी ब्रशातले केस काढून फिल्टर धुवायचा तोही मुलानेच. नात वायरी गुंडाळते. मावशी तेवढ्या वेळात दारात बसून चहा पितात आणि दोन गल्ल्या पलीकडे चालून येतात, कारण मणक्याच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे.

येत्या पौर्णिमेला विहारात आम्ही घरोघरच्या भगिनींना एकच विचारणार आहोत: या महिन्यात तुमच्या घरच्या पुरुषांनी किती दिवस केर काढला? यंत्राने काढला की झाडूने, ते आम्ही विचारणार नाही. बंधूंनी उत्तर तयार ठेवावे.

जय भीम.