‘नेट स्लो आहे’ : एका आळशी विधानाची चिकित्सा

साहित्याच्या अध्यापकांत हल्ली एक वाक्य इतक्या वेळा कानी पडते की व्याकरणकारांनी त्याची केवलप्रयोगी अव्ययांत नोंद करायला हरकत नसावी : ‘नेट स्लो आहे.’ चर्चासत्रात आवाज तुटला, मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांचा चेहरा गोठला, स्कॅन केलेला जुना दिवाळी अंक उतरवून घ्यायला अर्धा तास लागला. तिन्हींचे निदान एकच. पाठोपाठ कबुली येते : ‘आपण साहित्याची माणसं, यातलं आपल्याला काय कळणार?’ ही कबुली संकोचाने नव्हे, किंचित अभिमानाने दिली जाते. प्रस्तुत लेखकाचे भांडण आहे ते या अभिमानाशी.

‘ही कादंबरी संथ आहे’ एवढेच विद्यार्थ्याने लिहिले तर आपण त्याला गुण देतो काय? कथानक संथ आहे, निवेदन संथ आहे की वाचकाला घाई आहे, असे विचारतो. मग ‘नेट’ या गाठोड्यात कंपनीकडून घरात येणारी तार, ती तार हवेत वाटणारा राऊटर, मधल्या भिंती आणि हातातला जुना फोन असे सारे एकत्र कोंबताना आपली चिकित्सक वृत्ती कुठे जाते? हे गाठोडे सोडवणे कठीण नाही. लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडून वेग मोजावा. मग केबल काढून राऊटरशेजारीच वायफायवर, आणि शेवटी आपण प्रत्यक्ष बसतो त्या खोलीत. पहिलाच आकडा कमी असेल तर कंपनीशी (किंवा केबलशी) भांडावे. पहिला ठीक आणि तिसरा कोसळलेला असेल, तर कंपनी निर्दोष आहे, दोष आपल्या घरात आहे. बहुसंख्य घरांत हे न करताच नवा डबा विकत आणला जातो.

तो डबा वाचण्यासारखा असतो. त्यावर ‘एएक्स ३०००’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि घेणारा समजतो की वेग तीन हजार. वस्तुतः ही बेरीज आहे : २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे सैद्धांतिक ५७४ मेगाबिट आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२, आणि त्यानंतर उदार मनाने केलेले पूर्णांकीकरण. बहुतेक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतात, त्यामुळे ही बेरीज त्यांच्या वाट्याला कधीच येत नाही. शिवाय २४०२ हा आकडा गाठायला लागणारी १६० मेगाहर्ट्झची रुंदी पुष्कळ फोनांना पेलत नाही. ते १२०१ वर थांबतात, आणि प्रत्यक्ष हाती त्याहून बरेच कमी पडते. अतिशयोक्ती हा अलंकार आहे हे आपण वर्गात शिकवतो. तो वस्तुस्थितीचा वेष घालून दुकानात उभा राहिला की आपल्याला ओळखू येत नाही, हे नवल. उलटे उदाहरण ‘एसी १२००’चे : ३०० अधिक ८६७ अशी जुळणी. यांतल्या अनेक स्वस्त राऊटरांची तार जोडण्याची खाच फक्त १०० मेगाबिटची असते. म्हणजे ३०० मेगाबिटची योजना घेतलेल्या गृहस्थांना शंभराच्या आतच मिळणार. ही खाच ‘गिगाबिट’ आहे ना, हे डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांत पाहावे. पुढच्या मोठ्या आकड्यापेक्षा ते अधिक मोलाचे. आणि मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे. त्यांच्यात आठपटीचे अंतर आहे, हे ध्यानात न घेता किती वाद घातले जातात!

(जाता जाता : ‘वायफाय’ म्हणजे ‘वायरलेस फिडेलिटी’ असे पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. हे नाव १९९९ साली एका नामकरण करणाऱ्या संस्थेने घडवले आणि ‘फिडेलिटी’ घोषवाक्यातून मागाहून चिकटली. लोकव्युत्पत्तीचे इतके ताजे उदाहरण वर्गात का येऊ नये?)

खरा मुद्दा जागेचा आहे. फायबरची तार जोडायला आलेला मुलगा जिथे त्याची तार संपते तिथे डबा टांगतो, म्हणजे बहुधा दाराशी, चपलांच्या कपाटावर. आणि घरातली मंडळी त्याला विधिलिखित मानतात. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते, पण सिमेंटच्या भिंतीपुढे ती लवकर नमते. २.४ ची लांब जाते, परंतु तिथे शेजाऱ्यांची गर्दी, शिवाय मायक्रोवेव्हचा गोंगाट. त्या पट्ट्यावर परस्परांत न मिसळणारे चॅनल तीनच वापरले जातात, १, ६ आणि ११. वीस बिऱ्हाडांच्या इमारतीत हे तीन वाटून घ्यायचे. म्हणून राऊटर घराच्या मध्यावर, उंचावर, उघड्यावर हवा.

इथे स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. २०२१ साली मी घरून एका मौखिक परीक्षेला परीक्षक होतो. विद्यार्थिनीची उत्तरे अडखळत येत होती. ‘विषयावर पकड आहे, मांडणीत आत्मविश्वास नाही’, असे मी टिपून ठेवले. पुढे त्या बैठकीचे ध्वनिमुद्रण ऐकण्याचा प्रसंग आला, तेव्हा ती अस्खलित बोलली होती असे दिसले. माझा राऊटर लोखंडी कपाटात होता, जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांमागे. धूळ लागू नये म्हणून मीच तो तिथे ठेवला होता. त्यातच घरातले कुणी त्याच वेळी शेकडो छायाचित्रे वर चढवत होते. व्हिडिओवरील संभाषणाला मोजके मेगाबिट पुरतात. त्याला मारते ती रांग. वर जाणारा रस्ता भरला की आवाजाचे तुकडे फोटोंच्या मागे तिष्ठत उभे राहतात. काही राऊटरांत संभाषणाला अग्रक्रम देण्याची सोय असते आणि ती बंद पडून असते. मी ती त्या दिवसानंतर शोधली. शेरा मात्र तोवर देऊन झाला होता.

यावर ‘रिपीटर लावा’ असा सल्ला मिळतो. तोही तपासून घ्यावा. एकाच रेडिओवर ऐकायचे आणि त्याच रेडिओवर पुन्हा सांगायचे, म्हणजे वेग निम्म्यावर येणार. दूरच्या खोलीपर्यंत चक्क तार ओढून तिथे दुसरा डबा लावणे हा जुनाट वाटणारा उपाय अधिक खात्रीचा आहे. भिंतीवरून पांढरी तार जाते म्हणून घराची शोभा बिघडते, ही तक्रार मला मान्य आहे.

माझ्या एका सहकाऱ्यांनी नुकताच सहा अँटेनांचा राऊटर आणला. अँटेना मोजून दाखवल्या. कुठे ठेवलात, असे विचारले, तर म्हणाले, ‘टीव्हीच्या मागे. तिथे दिसत नाही ना!’