वखारींचा वारसा कोणाचा?

जुन्या बाजारपेठांच्या जतनाची भाषा अलीकडे सुशिक्षित मंडळींत रूढ झाली आहे. वाडा, सागवानी खांब, कोरीव तुळया दिसल्या की त्यांना वारसा आठवतो. या भाषेला आमचा विरोध नाही. ती वाड्याच्या दिंडीदरवाजापाशीच थांबते, याला आहे.

सीमाभागातील निपाणीचे उदाहरण घ्या. तेथील इतिहास विचारला की निपाणकर देसायांच्या वाड्याकडे बोट दाखवले जाते. परंतु या गावाचे नाव दूरवर पोचले ते विडीच्या तंबाखूमुळे, आणि त्या व्यापाराची खरी वास्तू म्हणजे वखार. वखार मालासाठी बांधली गेली. माणसाची सोय हा तिच्या आराखड्याचा विषयच नव्हता. तेथे तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला धूळ आली आणि पेढीच्या वाट्याला नफा. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने खेळती हवा, स्वच्छता, पाळणाघर यांची सक्ती केली. तरीही आपल्या हक्कांसाठी या स्त्रियांना संघटना बांधून संप करावा लागला. 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये केलेल्या माहितीपटात तो लढा नोंदला गेला आहे.

तंबाखू पिकवणाराही सुखी नव्हता. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये रास्त भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. ६ एप्रिलच्या पोलिसी गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्या आंदोलनाचे नेते शरद जोशी यांच्या खुल्या बाजाराच्या विचाराशी समाजवाद्यांचे मतभेद होते व आहेत. परंतु सांडलेल्या रक्ताशी मतभेद असू शकत नाही.

पेढीच्या दर्शनी भागावरील नक्षी कोठून आली? पिकवणाऱ्याला दिलेला कमी भाव आणि राबणाऱ्या हाताला दिलेली कमी मजुरी, या दोहोंतून उरलेल्या वरकडीतून. तेव्हा वाडा राखून वखार पाडणे म्हणजे खतावणीतील जमेचे पान ठेवून नावेचे पान फाडणे होय.

तंबाखू हे विष, मग तिच्या वखारी कशाला जपायच्या, असे कोणी विचारील. विषाचा धंदा कोणाच्या फुप्फुसांवर उभा राहिला, हे पुढील पिढीला कळावे म्हणून! १९५८ चा केंद्रीय स्मारक कायदा किमान शंभर वर्षांचे वय मागतो. १९८१ ला अजून अर्धे शतकही लोटलेले नाही. तोवर बांधकाम व्यावसायिक थांबणार आहे काय?

मुंबईच्या गिरणगावाचा धडा समोर आहे. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीत परवडणाऱ्या घरांना व मोकळ्या मैदानांना वाटा दिला. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ मोकळ्या जागेपुरता आक्रसला. काही ठिकाणी धुराडे राहिले, कामगार मात्र गेला. उलट आमच्या मिरजेतील सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे मान भिंतींना नव्हे, कारागिरांच्या हातांना मिळाला. निपाणीच्या हातांनी काय गुन्हा केला?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. नगरपालिकेने वाड्यांबरोबर वखारींचीही नोंदवही करावी. वयोवृद्ध कामगार स्त्रियांच्या आणि हमालांच्या जबान्या त्या हयात आहेत तोवर लिहून घ्याव्यात. जुन्या भाडेकरूंच्या हक्कांची हमी दिल्यावाचून कोणत्याही पुनर्बांधणीस परवानगी देऊ नये. एक तरी वखार कामगारांचे ग्रंथालय व संग्रहालय म्हणून राखावी.

हे काम पुरातत्त्व खात्याच्या भरवशावर सोडण्याजोगे नाही. सीमाभागातील कार्यकर्त्यांनी वही-पेन्सिल घेऊन वखारींच्या दारांशी जावे. घोषणा त्यानंतर द्याव्यात.